बाहेर रंगावरून टोमणे आणि घरी ‘त्यांच्या दुप्पट चांगली हो’ : अशा वातावरणात वाढलेल्यांनी हे कसं निभावलं?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू 19 वर्षांचा, परदेशातच जन्मलेला. बाहेर रंगावरून बोलणी खायची आणि घरी आलं की आईवडिलांना प्रत्येक गोष्टीत पहिला नंबर हवा. चालू अभ्यासक्रम तुला सोडायचा आहे, आणि यात मी नेमका कोण, असं तू विचारलं आहेस. वयाने बरीच मोठी आहे, म्हणून अरे-तुरे करते.

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू. आमचे पूर्वज किनाऱ्यालगतच्या गावांत तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या वारी, घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. 1948 नंतर आमच्यातले बहुतेक जण टप्प्याटप्प्याने इस्रायलला आले. माझा जन्म 1976चा, नेगेव्ह वाळवंटातल्या डिमोना गावातला. घरात मराठी, उंबरठ्याबाहेर हिब्रू.

शाळेत मुलं मला ‘कूशी’ म्हणायची. शब्द धर्मग्रंथातला, आफ्रिकेतल्या एका प्रदेशाच्या नावावरून आलेला. पटांगणात मात्र त्याचा अर्थ एकच, काळी. मी घरी येऊन रडले की बाबा म्हणायचे, “गणितात पहिली ये, मग कोण बोलतं बघू.” ते कापडगिरणीत पाळीने काम करायचे. माझी प्रगतिपुस्तकं, धावण्याच्या शर्यतीचं प्रशस्तिपत्रक, लसीकरणाची चिठ्ठीसुद्धा एका पत्र्याच्या पेटीत जपून ठेवायचे. “कागद असू दे. कधी कोण मागेल सांगता येत नाही,” हे त्यांचं पालुपद. मी इंजिनिअर व्हायचं, हे मी तिसरीत असतानाच ठरलं होतं.

आणखी एक गोष्ट सांगते, ती सांगायला मला अजूनही जड जातं. आमच्या गावात 1969पासून शिकागोहून आलेला कृष्णवर्णीय हिब्रूंचा, म्हणजे स्वतःला प्राचीन इस्रायलींचे वंशज मानणाऱ्या कृष्णवर्णीयांचा, एक समाज राहतो. त्यांच्यातली एक मुलगी माझी मैत्रीण होती. बाबांनी तिच्याशी खेळणं बंद करायला लावलं. “लोक तुला त्यांच्यातलीच समजतील.” मी बंद केलं. नऊ वर्षांची होते, पण काय करतेय ते मला पुरतं कळत होतं. मला शाळेत जे झोंबायचं, तेच मी तिच्या पदरात टाकलं.

इंजिनिअरिंग मी दुसऱ्या वर्षी सोडलं आणि नर्सिंगला गेले. बाबा आठ महिने माझ्याशी बोलले नाहीत. मग एका रात्री, मी काहीही विचारलेलं नसताना, त्यांनी आत्याच्या लग्नाची गोष्ट सांगितली.

1962मध्ये इस्रायलच्या प्रमुख रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, धर्मपीठाने लग्न नोंदवणाऱ्या रब्बींना सूचना दिली होती: बेने इस्रायलांपैकी कुणी लग्नाला उभं राहिलं, तर त्याची आई, आजी आणि त्यामागच्या जितक्या पिढ्या तपासता येतील तितक्या तपासा, त्या ज्यू होत्या का. आत्याचं लग्न 1963मध्ये ठरलं आणि या चौकशीत अडकलं. रेवदंड्याच्या पणजीचा दाखला आणायचा कुठून? आजोबांनी गावी पत्र टाकलं. शेजारच्या घरातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उलट टपाली लिहून पाठवलं, “यांच्या घरचा घाणा शनिवारी बंद असायचा, हे मी लहानपणापासून पाहिले आहे.” पत्र मराठीत. ज्या टेबलावर ते ठेवायचं होतं, तिथे ते वाचू शकणारं कुणी नव्हतं. 1964च्या उन्हाळ्यात आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, तेव्हा 14 वर्षांचे बाबा आजोबांशेजारी बसलेले होते. ऑगस्टमध्ये संसदेने सांगितलं की बेने इस्रायल सर्व अर्थांनी ज्यू आहेत. धर्मपीठाने सूचनेतून आमचं नाव काढलं. आत्याचं लग्न झालं.

पेटी कुठून आली ते मला त्या रात्री कळलं. बाबा माझ्याकडून गुण मागत नव्हते, दाखला मागत होते. पुढच्या वेळी कुणी टेबलापलीकडून विचारलंच, तर पुढे करायला काहीतरी हवं म्हणून.

हे कळल्यावर सगळं माफ झालं असं नाही. आजीलाही मी विचारलं आणि तिथे वेगळंच निघालं. कोकणात आमच्यातच ‘गोरे इस्रायल’ आणि ‘काळे इस्रायल’ असा भेद होता. मिश्र लग्नातून जन्मलेल्यांना काळे म्हणायचे आणि त्यांच्याशी सोयरीक करायची नाही. आपण गोरे, हे आजी अभिमानाने सांगायची. म्हणजे रक्ताचा दाखला आमच्याकडे मागितला गेला, त्याच्या कितीतरी आधी आम्ही तो दुसऱ्यांकडे मागत होतो. माझी मैत्रीण मला तेव्हा आठवली. चाळिशीत मी तिला शोधून काढलं आणि माफी मागितली. ती म्हणाली, “मला वाटलं होतं तुझ्या आईला मी आवडत नाही.” एवढ्या वर्षांत तिने ते असं समजून घेतलं होतं.

तेव्हा माझं तुला सांगणं असं. वडिलांशी गुणांवरून वाद घालू नकोस, त्यात तू हरशील. त्यांना विचार की या देशात आल्यावर पहिल्यांदा त्यांच्याकडे कुणी काय मागितलं होतं आणि तेव्हा त्यांच्याजवळ काय नव्हतं. जेवताना, चारचौघांत विचारू नकोस. दोघंच असाल तेव्हा विचार, शक्यतो गाडीत, जिथे एकमेकांकडे बघावं लागत नाही. लगेच बोलणार नाहीत. माझ्या बाबांना आठ महिने लागले. आणि तुला जो अभ्यासक्रम सोडायचा आहे, तो त्यांचं उत्तर येईपर्यंत लांबवू नकोस. ती गोष्ट ऐकल्यावर तुला त्यांच्याविषयी इतकं वाटेल की मग सोडवणार नाही. मी आधी सोडलं, ते बरं झालं.

ते पत्र आता माझ्याकडे आहे. ते स्वतः वाचता यावं, म्हणून मी आजीकडून देवनागरी शिकले. तुला हे उत्तर त्याच अक्षरांत लिहिते आहे.