आधी अख्खा अध्याय वाच

बाळ,

प्रभूमध्ये सलाम.

रविवारी भक्ती संपल्यावर शरणपूरच्या चर्चबाहेर तू मला जो कागद दाखवलास, तो घरी आल्यावरही डोळ्यांसमोरून हलेना. चार घड्या पडलेला. डावीकडे जुन्या करारातलं वचन, उजवीकडे नव्या करारातलं, मधे बाण: तिथे भाकीत, इथे येशूमध्ये पूर्ण. आणि पहिल्याच ओळीवर, यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या ७:१४ वर, तुझ्या रूममेटने पेन्सिलीने काढलेलं प्रश्नचिन्ह. तू म्हणालीस, "काका, तिने त्याच्या वरचा भाग वाचून दाखवला. तो तर कुठल्या तरी आहाज राजाचा विषय आहे. मला काही बोलताच आलं नाही."

आहे. आहाजचाच विषय आहे. तुझ्या मैत्रिणीने तो अध्याय वाचला आणि तू वाचला नव्हतास, याचं मला वाईट वाटलं. रागही आला, पण तुझा नाही. असे तक्ते मी स्वतः संडे स्कूलमध्ये स्टेन्सिल कापून, सायक्लोस्टाइल करून वाटले आहेत. मुलांच्या हातात बाण दिले आणि अध्याय वाचायला लावले नाहीत. म्हणून हे पत्र. यात मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणार आहे: आधी अख्खा अध्याय वाच.

ख्रिस्तपूर्व ७३४ च्या आसपासची गोष्ट. अरामाचा राजा रसीन आणि इस्राएलाचा राजा पेकह मिळून यरुशलेमेवर चालून आले आहेत आणि तिथला, यहूदाचा राजा आहाज घाबरला आहे. यशया त्याला सांगतो, एक तरुणी मुलाला जन्म देईल, त्याचं नाव इम्मानुएल, आणि त्या मुलाला बरंवाईट कळू लागायच्या आत या दोन्ही राजांचा देश ओस पडेल. ७३२ मध्ये अश्शूरने रसीनची राजधानी दिमिष्क घेतली. म्हणजे वचनाला त्याचा स्वतःचा काळ होता आणि त्या काळात ते खरं ठरलं. मूळ हिब्रू शब्द 'अल्मा', म्हणजे तरुण मुलगी. ग्रीक भाषांतरात तिथे 'पार्थेनोस' आला, म्हणजे कुमारी. हे भाषांतर ख्रिस्ताच्या आधीच यहुद्यांनीच केलेलं आहे, ख्रिस्ती लोकांनी नंतर घुसडलेलं नाही, आणि येशूच्या जन्माविषयी लिहिताना मत्तयाने तेच घेतलं. ख्रिस्ती विद्वानांत इथे मतभेद आहेत. कोणी म्हणतात वचन फक्त मरीयेच्या पुत्राविषयी, कोणी म्हणतात आधी आहाजच्या काळासाठी आणि मग पूर्णतेने येशूमध्ये. मी दुसऱ्या बाजूचा आहे. का, ते सांगतो.

दिंडोरीला माझ्या साडूंची द्राक्षबाग आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की बाग नुसती खुंटांची उरते. मग काड्या फुटतात, पानं येतात. त्या उन्हाळ्यात काडीला द्राक्ष लागत नाही. पण ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर जो घड बाहेर पडतो, तो त्या काडीच्या डोळ्यात महिनोन्‌महिने आधी धरलेला असतो. साडू छाटणीआधी काड्या तपासायला पाठवतात. तिथे डोळा पात्याने कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. एकदा मलाही बघायला मिळालं: फिकट, फुगीर, नखाच्या टोकावरही दिसणार नाही एवढं काहीतरी, आणि तपासणारा मुलगा म्हणाला, "घड आहे." काडीने आपल्या मोसमात आपलं काम केलं, पानं वागवली. घडही तिच्याच पोटात होता. यशयाच्या अकराव्या अध्यायात इशायाच्या, म्हणजे दावीद राजाच्या बापाच्या, बुंध्याला धुमारा फुटतो ते वाचताना मला तीच बाग दिसते. पण तोही अध्याय दहाव्याच्या शेवटापासून वाच. तिथे देव अख्खं रान तोडतो आहे, म्हणून तर बुंधा उरला आहे.

घड आधीपासून होता हे कळतं मात्र फुटल्यावर. योहानाने १२:१६ मध्ये हे साफ लिहून ठेवलं आहे: येशू शिंगरावर बसून यरुशलेमेत आला तेव्हा शिष्यांना त्याचा अर्थ कळला नाही, त्याचं गौरव झाल्यावर, हे शास्त्रात लिहिलेलं होतं, ते आठवलं. प्रेषितसुद्धा मागे वळून वाचत होते. मग तुझ्या तक्त्यातला बाण सरळ पुढेच कसा जाईल?

तुझ्या कागदावर पाचव्या ओळीत होशेय ११:१ आहे, 'मिसरातून मी आपल्या पुत्राला बोलावलं'. पुढे बाण, मत्तय २:१५. आता होशेय काढ. ते वचन भविष्याविषयी नाहीच. देव जुनी आठवण सांगतो आहे, इस्राएल लहान होता, मी त्याच्यावर प्रीती केली. आणि लगेच खाली, मी जितकं बोलावलं तितका तो दूर गेला, बआल नावाच्या परक्या दैवतांच्या नादी लागला. मत्तयाला हे ठाऊक नव्हतं? तो शास्त्रात मुरलेला यहुदी होता. एक ओळ लिहून त्याने वाचकाला अख्खा अध्याय आठवायला लावला. मग पुढे बघ त्याने काय मांडलं आहे. पुत्र मिसरातून येतो, पाण्यातून जातो, रानात चाळीस दिवस राहतो. इस्राएल चाळीस वर्षं जिथे चुकला, तिथे हा चुकत नाही. सैतानाला तिन्ही वेळा उत्तर देतो ते जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातून, रानातल्या इस्राएलाला सांगितलेल्या शब्दांतून. 'पूर्ण झालं' म्हणजे मत्तयाच्या लेखी हे. अर्धवट राहिलेलं भरून काढलं. आपण मराठीतही घागर पूर्ण भरली म्हणतो.

आणि त्याच प्रसंगात सैतान काय करतो? तो स्तोत्र ९१ मधलं वचन म्हणून दाखवतो. शब्द बरोबर, स्तोत्र भलत्याच कामाला. तोडलेलं वचन त्यालाही पाठ होतं. हे वाचून तरी आपण शहाणं व्हावं!

आता माझं सांगतो. इतकी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.

मी पंचविशीत होतो, नुकताच शिक्षक झालो होतो. नाशिकरोडला आमच्या चाळीत एक बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, कुटुंब राहायचं. घरात आपल्यासारखीच मराठी. नवस फेडला की त्यांच्याकडे मलिदा व्हायचा, गोड पोहे, खोबरं, वेलदोडा, वर फळं, आणि एलियाहू हन्नाबीची, म्हणजे एलिया संदेष्ट्याची, गाणी. मशीहाच्या, देवाने वचन दिलेल्या राजाच्या, आधी एलिया येणार, हे मलाखीचं वचन आपण बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला लावतो. ते अजून वाट बघतात. वहिनी आमच्याकडेही ताटली पाठवायच्या. एका संध्याकाळी मी वही घेऊन त्यांच्या घरी गेलो. यशया ५३, दुसऱ्यांच्या पापांसाठी दुःख सोसणाऱ्या सेवकाचा अध्याय, मोठ्याने वाचला आणि विचारलं, हा येशू नाही तर कोण? घरातले गृहस्थ शांतपणे म्हणाले, "मास्तर, चव्वेचाळिसावा वाचलात? सेवक कोण, ते तिथे नाव घेऊन सांगितलंय. माझ्या सेवका, याकोबा." मी वाचला नव्हता. तसं कबूल करायचं सोडून मी म्हणालो, तुमच्या मनावर पडदा आहे. पौलाच्या पत्रातलं तेही तोडलेलंच वचन. त्यांनी माझी वही मिटून माझ्या हातात दिली आणि आत आवाज दिला, "मास्तरांना चहा ठेव." वर्षभरात ते कुटुंब इस्राएलला गेलं. त्यांची एक स्टीलची ताटली आमच्याकडेच राहिली, मागे नाव कोरलेली.

उत्तर मला पुष्कळ वर्षांनी सापडलं, तेही वाचूनच. ४९:३ मध्ये सेवकाचं नाव इस्राएल आहे. दोनच वचनं पुढे त्याच सेवकाला इस्राएलाला परत आणायला पाठवलं आहे. जो इस्राएल आहे, त्यालाच इस्राएलासाठी पाठवलं. त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि माझा विश्वासही चुकीचा नव्हता. हे मी हट्टाने म्हणतो. येशूमध्ये तो सेवक पूर्ण झाला, यावर मी जगलो आणि यावरच मरेन. पण त्या संध्याकाळी मला जिंकायचं होतं.

तुझ्या मैत्रिणीने दुसरंही विचारलं म्हणालीस, हे सगळं येशूनंतर लिहिलेलं कशावरून नाही? याचं उत्तर सोपं आहे. मृत समुद्राजवळच्या गुहेत १९४७ मध्ये यशयाची गुंडाळी सापडली, सात मीटरहून लांब, छासष्टही अध्याय, येशूच्या जन्माच्या सुमारे शंभर वर्षं आधीची. बस.

तिचा तिसरा प्रश्न मात्र खरा आहे. मशीहा आला तर यशयाने सांगितल्याप्रमाणे युद्धं संपून तलवारींचे नांगराचे फाळ कुठे झाले? यहुदी लोक हेच विचारतात आणि त्यांना विचारायचा हक्क आहे. लूक ४ वाच. नासरेथच्या सभास्थानात येशू यशया ६१ वाचतो, दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, प्रभूच्या प्रसादाचं वर्ष. तिथेच थांबतो, वाक्य अर्धं असताना. पुढे 'आणि आमच्या देवाचा सूड घेण्याचा दिवस' असं आहे. तो गुंडाळी गुंडाळून सेवकाच्या हाती देतो आणि खाली बसतो. तू म्हणशील, त्यानेही वचन तोडलं. पण ऐकणाऱ्यांना पुढचे शब्द ठाऊक होते, न वाचलेलं त्यांना ऐकू आलं असणार. 'आज पूर्ण झालं' म्हणाला ते वाचलेल्या अर्ध्याविषयी. उरलेलं अर्धं अजून त्या गुंडाळीत आहे, म्हणून आपण दुसऱ्या येण्याची वाट बघतो. वाट बघणारे आपणही आहोत, हे तिला न लाजता सांग. तुरुंगातून बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाने विचारलंच होतं ना, येणारा तो तूच, की दुसऱ्याची वाट पाहावी? येशू त्याच्यावर चिडला नाही.

पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांतून भाषांतर करायचं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतली, पूर्ण बायबल मराठीत आणलं. ते छापून आलं त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये. तुझ्याकडून मी हिब्रू मागत नाही. यशया ४० ते ५५, सोळा अध्याय, या आठवड्यात मोठ्याने वाच. मधे नवा करार उघडू नकोस.

रविवारी भक्तीनंतर घरी ये, मैत्रिणीलाही घेऊन ये. कागद आण, पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह खोडू नकोस. तिने काय वाचलं ते मला तिच्याकडून ऐकायचं आहे, आणि या वेळी मी मधे बोलणार नाही. काकू पोहे करेल. तुम्हाला मी ते त्या ताटलीत देईन.

तुझे काका