घाटात इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही. क्लच प्लेट बदलावीच लागेल का?

तुम्ही लिहिलंय की जुनी अल्टो आहे, खंबाटकी चढताना रेस वाढते पण वेग वाढत नाही, आणि मेकॅनिकने थेट गिअरबॉक्स उतरवायला सांगितलाय. लक्षण क्लच घसरण्याचंच आहे, म्हणजे क्लच प्लेट नीट पकडत नाही आणि इंजिनचा जोर चाकांपर्यंत पोचत नाही. माझं गॅरेज सातारा रस्त्यावर आहे, त्यामुळे अशा गाड्या रोजच्या. पण गिअरबॉक्सला हात लावण्याआधी पेडल बघून घ्या.

अल्टोचा क्लच केबलवर चालतो. पेडल बोटाने दाबा. खरा जोर लागण्याआधी ते थोडं सैल, रिकामं खाली जायला हवं. किती, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. पहिल्यापासूनच कडक लागत असेल तर क्लच कायम थोडासा दाबलेलाच राहतोय, म्हणून घसरतोय. प्लेट झिजत जाते तसा पेडलचा हा सैलपणा, म्हणजे प्ले, आपोआप कमी होतो. गिअरबॉक्सकडच्या टोकाला केबलचा नट असतो, तो थोडा सैल केला की काम भागतं. बऱ्याचदा तेवढ्यावरच गाडी सुधारते. केबल आतून गंजून अडकत असेल तर ती बदला, स्वस्त असते. नट पार शेवटपर्यंत सैल करूनही प्ले येत नसेल, तर मात्र प्लेट संपली.

खात्री करायची तर मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये 40-50 च्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज एकदम चढला आणि गाडी मागेच राहिली, तर घसरतोय. हे एकदाच करा, पुन्हापुन्हा केलंत तर उरलीसुरली प्लेटही जळेल. गिअर टाकताना करकर होते, ती वेगळी तक्रार. तिथे क्लच पूर्ण सुटत नसतो, म्हणजे बरोबर उलटा प्रकार.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली तेल ठिबकतंय का, तेही बघा. ऑइल सील, म्हणजे तेल आत अडवून ठेवणारी रबरी कडी, गळून प्लेटवर तेल गेलं असेल तर नवी प्लेटही थोड्याच दिवसांत घसरायला लागेल. आधी सील, मग प्लेट.

गिअरबॉक्स उतरवायचाच ठरला तर फक्त प्लेट टाकून पैसे वाचवू नका. मजुरी उतरवण्या-चढवण्याचीच असते. प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारी) आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारं) यांच्यासकट पूर्ण सेट टाका. फ्लायव्हीलवर, म्हणजे क्लच प्लेट ज्यावर दाबली जाते त्या इंजिनच्या जड चाकावर, निळे डाग किंवा बारीक तडे दिसले तर तेही मेकॅनिकला दाखवा, नाहीतर नव्या प्लेटवर गाडी सुटताना थरथरते.

जुनी प्लेट मात्र मेकॅनिककडून मागून घ्या. तिच्यावरचं पकड देणारं अस्तर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत घासलेलं असेल तर तिचं आयुष्य खरंच संपलं होतं. अस्तर जाड आहे पण काळं, तेलकट, चकचकीत झालंय, तर दोष सीलचा. आणि जळल्यासारखं दिसत असेल तर घाटातल्या ट्रॅफिकमध्ये ब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरायची सवय कोणाला आहे, ते घरात विचारा. चढावर हँडब्रेक ओढायचा असतो, हे निम्म्या लोकांना कुणी शिकवलेलंच नसतं.