चवथीपुरती कार, विमा मात्र वर्षभर

प्रश्न : मुलगा दुबईला नोकरीत आहे. चवथीला येतो आणि सहा आठवडे राहतो. त्याची ११९७ सीसीची, चार वर्षं जुनी कार एरवी डिचोलीला आमच्या अंगणातच उभी असते. आजवर एकदाही क्लेम घेतलेला नाही. पॉलिसी आता संपते आहे. ब्रिटनमध्ये म्हणे एका दिवसाचाही विमा मिळतो. इथे दीड महिन्यापुरता घेता येईल का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : ब्रिटनमध्ये तशा पॉलिसी आहेत. आपल्याकडे खासगी कारचा विमा नेहमीच्या विक्रीत वर्षाच्या हिशेबानेच मिळतो. त्यामुळे मुलगा नसतानाच्या महिन्यांत तो बंद पडू द्यायचा की नाही, एवढाच निर्णय तुमच्या हातात आहे. बंद पडू देऊ नका.

थर्ड पार्टी भाग, म्हणजे आपल्या कारमुळे दुसऱ्याला झालेल्या हानीची भरपाई, कायद्याने सक्तीचा. २०२२च्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या कारला वर्षाला ३,४१६ रुपये आहेत. १८ टक्के जीएसटी धरून साधारण ४,०३० होतात. विम्याविना रस्त्यावर सापडलात तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. खरी भीती दंडाची नाहीच. अपघातात कोणी दगावलं तर भरपाई लाखांत जाते आणि ती कारमालकाच्या, म्हणजे मुलाच्या खिशातून वसूल होते.

‘वर्षाची पॉलिसी घेऊ आणि दीड महिन्यानंतर रद्द करू’ हेही जमत नाही. दुसरीकडे विमा उतरवल्याशिवाय, किंवा कार विकली अथवा नोंदणी रद्द झाली असल्याशिवाय, थर्ड पार्टी रद्द होत नाही.

आता स्वतःच्या कारच्या नुकसानीचा भाग, म्हणजे ओन डॅमेज. पैसे वाचवायला वाव आहे तो इथेच. चार वर्षं क्लेम नसल्याने तुम्हाला या भागावर ४५ टक्के नो क्लेम बोनस मिळेल. मुदत संपून ९० दिवस उलटले की तो पूर्ण जातो. मूळ प्रीमियम ८,००० धरला तर ३,६०० रुपयांची सवलत गेली. शिवाय मुदत उलटलेल्या कारचा ओन डॅमेज विमा पुन्हा सुरू करताना कंपनी आधी कारची तपासणी करते. मोपा विमानतळावर उतरल्या उतरल्या विमा काढू म्हटलं तर चवथीच्या गडबडीत हे होईलच असं नाही.

तुमच्यासाठी ‘पे ॲज यू ड्राइव्ह’ सोयीचं आहे. २०२२पासून विमा नियामकाने या ॲड-ऑनला, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडून घ्यायच्या भागाला, परवानगी दिली आहे. वर्षात किती किलोमीटर चालवणार ते आधी सांगायचं, त्यानुसार ओन डॅमेजचा प्रीमियम कमी होतो. ओडोमीटरचा फोटो द्यावा लागतो. ठरलेले किलोमीटर संपले तर काय, आणि उभ्या कारची चोरी, आग, पूर त्यानंतरही धरतात का, हे पॉलिसीच्या कागदावर वाचूनच सही करा. कंपनीगणिक अटी वेगळ्या आहेत.

कार उभी आहे म्हणून धोका टळत नाही. पावसात माड-आंब्याची फांदी पडते, अंगणात पाणी भरतं. पाणी इंजिनापर्यंत चढलं असेल तर चावी फिरवू नका. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हे नुकसान साध्या पॉलिसीत धरत नाहीत. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑन वेगळं लागतं. डिचोलीसारख्या पूर येणाऱ्या ठिकाणी ते घ्यावंच. बॅटरी उतरली तर तो खर्च मात्र तुमचाच.

मुलाचं भारतीय लायसन्सही आताच तपासा. मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून नूतनीकरण करता येतं. दुबईतल्या लायसन्सच्या भरवशावर राहू नका, चालकाचं लायसन्स वैध नसेल तर क्लेम अडतो.

प्रश्न : कार दहा महिने पडूनच असते, तर पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने दिली तर? विमा आहेच.
– एक वाचक, पेडणे

उत्तर : देऊ नका. खासगी पॉलिसीच्या वापराच्या अटींतच भाड्याने देणं वगळलेलं असतं. अपघात झाल्यास कारची भरपाई नाकारली जाते, आणि जखमींना दिलेली रक्कम कंपनी मालकाकडून वसूल करू शकते. पर्यटकाला स्वतः चालवायला द्यायची कार काळ्या नंबर प्लेटवर पिवळ्या अक्षरांची हवी, परवाना आणि व्यावसायिक विम्यासह. भाडं न घेता मित्राला दिल्यास हरकत नाही. त्याचं लायसन्स तेवढं बघून घ्या.