साहेब केबिनमध्ये बोलावून ‘चूक लिहून द्या’ म्हणत असतील, तर लिहून द्यावे की गप्प राहावे?

तुमच्या ताब्यातील माल कमी भरला आहे आणि ‘लिहून द्या, विषय इथेच मिटेल’ असे साहेब सांगत आहेत, असे तुम्ही म्हणता. लिहून देऊ नका. असा विषय मिटत नाही, तो फाइलला लागतो.

माझे वडील साकीनाक्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. साठामोजणीत पितळी व्हॉल्व्ह कमी निघाले, तेव्हा व्यवस्थापकांनी त्यांना केबिनमध्ये उभे ठेवून एक टंकलिखित कागद पुढे सरकवला. ‘माझ्या हातून अपहार झाला असून मी बिनशर्त माफी मागतो’ हे वाक्य त्यात आधीच तयार होते, फक्त सहीची जागा मोकळी होती. त्यानंतर व्यवस्थापक बराच वेळ काही न बोलता फाइली चाळत राहिले. खोलीत दोघेही गप्प होते, पण एकाचे गप्प बसणे हा अधिकार ठरला आणि दुसऱ्याचे गप्प बसणे हा गुन्हा. ‘आरोपपत्र द्या, लेखी उत्तर देतो’ एवढेच बोलून वडील बाहेर आले. आरोपपत्र कधीच आले नाही. त्यांना मात्र गेटवर रात्रपाळीला टाकले, ते निवृत्तीपर्यंत. ‘दादाने सही केली असती तर सुपरवायझर झाला असता,’ असे काका अजूनही चारचौघांत म्हणतात.

अधिकारी व्यक्तीच्या धाकाने वा आमिषाने मिळवलेली कबुली फौजदारी खटल्यात ग्राह्य नसते आणि पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सहसा वापरता येत नाही; 1872 च्या भारतीय पुरावा कायद्यातील ही तत्त्वे त्याच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहेत. खात्यांतर्गत चौकशीला मात्र पुराव्याचे हे काटेकोर नियम लागू होत नाहीत, त्यामुळे तिथे तुमचा माफीनामाच तुमच्यावर उलटतो.

अर्थात, लेखी नोटीस आल्यावर गप्प बसणे घातक आहे, कारण उत्तर न दिल्यास चौकशी एकतर्फी चालते. खरोखरच चूक झाली असेल तर काय घडले ते स्वतःच्या शब्दांत लिहा, पोच घ्या, पण ‘अपहार’ हा शब्द दुसऱ्याच्या सांगण्यावरून लिहू नका. तो एकदा लिहून दिला की पुढची प्रत्येक तूट त्याच माणसाच्या नावावर पडते, आणि असे लिहून दिलेल्या कोणाला त्या कारखान्यात सुपरवायझर केल्याचे एकही उदाहरण काकांनी मला आजवर दिलेले नाही.