जुन्या शेवरोलेला मागे डबल चाकं

प्रश्न : मी टेक्ससमध्ये राहतो. १९७८ची शेवरोले सी-२० पिकअप घोड्यांचा ट्रेलर ओढण्यासाठी तयार करतोय. बोल्टनं बसणारे अडॅप्टर लावून मागे दोन-दोन चाकं केली, तर जास्त वजन चालेल का?

उत्तर : चाकं बसतील, पण चालणारं वजन वाढणार नाही. ते ॲक्सल, पाटे (लीफ स्प्रिंग), ब्रेक आणि चासी मिळून ठरतं. शिवाय जोडीत प्रत्येक टायरची क्षमता कमी धरतात. एलटी २१५/८५ आर १६ या मापाच्या टायरच्या कडेला ११५/११२ असा भारांक छापलेला असेल, तर तो एकटा १,२१५ किलो पेलतो आणि जोडीत १,१२०.

आधी हब बघा. चाकाच्या मधोमध जाड हब बाहेर आलेला आणि त्यावर आठ बोल्टांची टोपी असेल, तर ॲक्सल फुल-फ्लोटिंग आहे, म्हणजे वजन हब पेलतो आणि आतला शाफ्ट फक्त चाक फिरवतो. तसं नसेल, म्हणजे चाक थेट शाफ्टवर बसलेलं असेल, तर त्याला जोडचाकं लावूच नका. शाफ्ट तुटला की चाकही बाहेर पडतं. फुल-फ्लोटिंगवरसुद्धा अडॅप्टरमुळे भार बेअरिंगांच्या बाहेर सरकतो, त्यामुळे आधी बाहेरचं बेअरिंग जातं.

दिखाऊ गाडीला अडॅप्टर एक वेळ ठीक. ट्रेलर ओढायचा तर १९७३–८७च्या एक-टनी गाडीचा मूळ जोडचाकी ॲक्सल शोधा. मागच्या झाकणाला १४ बोल्ट, आत १०.५ इंची क्राउन (मोठं दातेरी चक्र) असलेला घ्या. मात्र तो पिकअपचाच हवा. कॅब-चासीचा ॲक्सल अरुंद असतो, त्यानं आतला टायर हौद्याला घासतो. पाट्यांच्या बैठका जुळत नसतील तर पिनियनचा (ॲक्सलमध्ये शिरणाऱ्या दातेरी दांड्याचा) कोन मोजून मगच वेल्डिंग करा. पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवे घ्या, ताणलेले परत वापरू नका. गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टची लांबीही बघावी लागेल. जोडचाकाची रिम खोल असते, म्हणून पुढच्या हबलाही स्पेसर लागतो. मडगार्ड धरून रुंदी ८० इंच किंवा जास्त झाली, तर अमेरिकेत टपावर आणि कडांना दिवे लागतात.

प्रश्न : जोडी बसवली, पण २३५ मिमी रुंदीचे टायर आपसात घासतात. रिम चुकली का?

उत्तर : रिमचा ऑफसेट, म्हणजे बोल्ट बसतात त्या पृष्ठभागापासून रिमच्या मध्यापर्यंतचं अंतर, मोजा. त्याची दुप्पट म्हणजे दोन टायरांच्या मध्यांमधलं अंतर. समजा ऑफसेट १२७ मिमी असेल, तर अंतर २५४. त्यातून २३५ वजा केले की उरले १९. भार आल्यावर टायरच्या कडा खालून फुगतात आणि तेवढी फट मिटते. २१५ टाकले तर ३९ मिमी मिळतात. टायर कंपनीच्या तक्त्यात जोडचाकांचं किमान अंतर दिलेलं असतं, तेच प्रमाण माना. मधे वॉशर घालून फट वाढवू नका, नट ढिले होतात.

प्रश्न : नव्या ट्रकच्या काढलेल्या रिम स्वस्त मिळतात. चालतील?

उत्तर : जुन्या शेवरोलेला आठ बोल्ट, १६५.१ मिमीच्या वर्तुळात. जीएमच्या (शेवरोले बनवणाऱ्या कंपनीच्या) २०११पासूनच्या जोडचाकी गाड्यांना २१०, त्या रिम बसणारच नाहीत. धोका १९९९पासूनच्या फोर्डच्या १७० मिमी रिमचा आहे, कारण ती ठोकून बसल्यासारखी वाटते. भोकं वाढवून बसवली की स्टड तुटतात.

बसवताना दोन्ही व्हॉल्व्ह समोरासमोर, १८० अंशांवर ठेवा, म्हणजे आतल्या टायरची नळी हाताला लागते. जोडीतल्या टायरांच्या व्यासात ६ मिमीपेक्षा जास्त फरक नको, नाहीतर मोठा टायर जास्त भार घेतो. पहिल्या ८०–१०० किलोमीटरनंतर नट टॉर्क पान्यानं पुन्हा आवळा. आतल्याची हवा गेली तरी बाहेरचा गाडी उचलून धरतो, चालकाला कळतच नाही. म्हणून टायर ठोकून बघण्यावर न राहता दोन्हींना गेज लावा.