कोपनहेगनहून पहिली डे ट्रिप करताय ना, मग एवढंच बघा

कोपनहेगनमध्ये पाच दिवस असलं की बरेच जण आसपासच्या चार-चार ट्रिपा ठरवतात. अहो, पाच दिवसांत चार ट्रिपा कशाला, दोन करा पण नीट करा. माझं ऐकाल तर पहिली हेल्सिंगॉरची, ट्रेनने पाऊण तास, समुद्राकाठी क्रॉनबोर्गचा किल्ला आणि पलीकडे समोरच स्वीडन दिसतं. त्याच लाइनवर अलीकडे हुमलेबेक लागतं, तिथे लुइझियाना म्युझियम, मॉडर्न आर्ट कळत नसेल तरी जा, नुसती समुद्राकडची बाग बघायला जा. दोन्ही एका दिवसात होतं, फक्त सोमवार टाळा, लुइझियाना बंद असतं.

दुसरी रोस्किल्डे, अर्धा तासही लागत नाही, कॅथेड्रलमध्ये राजाराण्यांच्या कबरी आहेत.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:
- तिकीट ट्रेनमध्ये बसायच्या आधीच काढा, नाहीतर दंड जबर आहे. सिटी पास (ट्रेन-बसचा पास) घेणार असाल तर लार्ज घ्या, स्मॉल हेल्सिंगॉर-रोस्किल्डेला चालत नाही.
- पूल ओलांडून स्वीडनमधल्या माल्मोला जाणार असाल तर पासपोर्ट सोबतच ठेवा, शेंगेन व्हिसा चालतो पण तपासणी होऊ शकते. आणि तिकडचं चलन, म्हणजे स्वीडिश क्रोनर, डेन्मार्कच्या क्रोनरपेक्षा वेगळं, त्यापेक्षा सरळ कार्डच वापरा.
- जुलै असला तरी वाऱ्याचं जॅकेट हवंच!

बाकी बोर्नहोल्म बेट वगैरे आत्ता डोक्यातून काढून टाका.