बारा टक्के स्वस्त, पण धरून काय काय?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वॉशिंग मशीन घ्यायचंय आणि जवळच्या दुकानापेक्षा ऑनलाइन बारा टक्के कमी भाव दिसतोय. त्यावरून घरात वाद पेटलाय. मुलगा म्हणतो, यापुढे सगळंच ऑनलाइन मागवू. वडील म्हणतात, घरबसल्या मागवण्याच्या नादात पैसा कुठे जातो ते कळतही नाही. आणि तुम्हाला एकदाचा हिशोब हवाय.

हा हिशोब मी केलाय. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडेही हेच चाललं होतं, म्हणून एक वही घातली आणि तेरा महिने घरातली प्रत्येक खरेदी तिच्यात लिहिली. बिलाची रक्कम तर लिहिलीच, पण शेजारी आणखी चार रकाने ठेवले. वस्तू हातात येईपर्यंत वरखर्च किती झाला, वेळ किती गेला, परत करावी लागली का, आणि तीन महिन्यांनी ती वापरात आहे की पडून आहे. शेवटचा रकाना सहज म्हणून आखला होता, पण सगळ्या वहीचा निकाल त्यानेच लावला.

गणित अगदी साधं आहे. दुकानातला भाव १०० धरा, ऑनलाइन ८८. आठ वस्तू ऑनलाइन घेतल्या तर ७०४ गेले. त्यातली एक मापाला बसली नाही, परत करायची राहिली आणि कपाटात पडून राहिली, तर ७०४ मध्ये तुम्हाला सातच वस्तू मिळाल्या. एक पडली १०० ला, वर थोडे जास्तच. आठात एक वाया गेली की बारा टक्के बचत संपली. दुकानातून आणलेल्या वस्तूही पडून राहतात, ते नाकारत नाही. म्हणून दोन्हीकडचं पडून राहण्याचं प्रमाण शेजारी शेजारी ठेवून बघायचं. माझ्या वहीत बूट आणि कपडे यांत फरक ढळढळीत दिसला. ऑनलाइन मागवलेल्या सहा जोडांपैकी दोन आजही खोक्यात आहेत. दुकानातून चार जोड घेतले, चारही झिजेपर्यंत वापरले, कारण तिथे दोन पावलं चालून बघितल्याशिवाय आपण पैसे देतच नाही. पुस्तकं, चार्जिंगच्या केबल, पाण्याचा फिल्टर अशा ठरलेल्या वस्तूंत मात्र ऑनलाइन घेतलेलं एकही वाया गेलं नाही.

यावर मुलगा म्हणेल, नाही आवडलं तर परत करता येतं की! येतं. युरोपीय संघात तर २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशानुसार ऑनलाइन घेतलेली बहुतेक कुठलीही वस्तू कारण न सांगता १४ दिवसांत परत करता येते, आणि दुकानात हाताळून घेतलेल्या वस्तूला हा हक्क लागू नाही. न बघता घेणाऱ्याला ही सवलत मिळायलाच हवी. पण हक्क असणं वेगळं आणि तो वापरला जाणं वेगळं. परत करायचं म्हणजे खोकं जपून ठेवायचं, पुन्हा पॅक करायचं, माणूस न्यायला येईल त्या वेळेला घरी थांबायचं, तो आला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा थांबायचं आणि पैसे जमा झाले का ते आठवणीने बघायचं. विक्रेत्याने आधी तसं कळवलेलं असेल तर त्याच युरोपात परत पाठवण्याचा खर्चही ग्राहकाच्या माथी येऊ शकतो. वस्तू स्वस्तातली असली की आपण मनात म्हणतो, जाऊ दे. वहीत असे 'जाऊ दे' मी मोजले आणि तेव्हा खरंच चपापलो.

आता नळाची गोष्ट सांगतो, कारण दुकानात नेमकं काय विकत मिळतं ते मला तिथे कळलं. न्हाणीघरातला नळ ठिबकत होता. फोटो बघून ऑनलाइन नवा नळ मागवला, तर आट्यांचं माप वेगळं निघालं. तो परत केला, दुसरा मागवला. तो बसला, पण भिंतीपासून इतका पुढे आला की बादली खाली राहीना. नऊ दिवस गेले आणि गळती चालूच. शेवटी जुना नळ कागदात गुंडाळून हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने तो हातात घेतला, मागचा भाग उघडला, आतल्या काळ्या चकतीवर नख दाबून बघितलं आणि म्हणाला, "नळाला काही झालेलं नाही. वायसर कडक झालाय, तेवढा बदला." ड्रॉवरमधून दोन वायसर काढून दिले, एक बसवायला, एक पुढच्या वेळेसाठी. जाता जाता आटे साफ करून टेप कुठल्या दिशेने गुंडाळायची तेही दाखवलं. त्या दोन वायसरांचे पैसे नव्या नळाच्या तुलनेत नगण्य होते. नळाच्या भावाची तुलना मी तासभर केली होती, आणि नळ मुळात लागतच नव्हता. ऑनलाइन यादीतल्या कुठल्याही पानाने मला 'हे घेऊ नका' असं सांगितलं नसतं. म्हणून बिघाडाचं, जोडणीचं, मापाचं काही असेल तर मी आधी माणसाकडे जातो, दोन पैसे जास्त गेले तरी.

सगळे दुकानदार असे नसतात, हेही लिहायला हवं. एका दुकानातून घेतलेली इस्त्री आठ दिवसांत बंद पडली. गॅरंटी कार्डावर शिक्का मारलेला नव्हता, बिल कच्चं होतं, आणि तीन हेलपाटे घातल्यावर "कंपनीकडे जा" एवढंच उत्तर मिळालं. ते तीन हेलपाटे मी दुकानाच्या खात्यावर लिहिले आहेत. पक्कं बिल आणि शिक्का हातात पडल्याशिवाय दुकानातला भाव ऑनलाइन भावाशी ताडून बघण्यात अर्थ नाही. ती दोन वेगळ्या गोष्टींची तुलना होते.

भावाकडे बघताना आपलं मन कसं चालतं, त्यावर जुना प्रयोग आहे. १९८१ मध्ये एमोस ट्वर्स्की आणि डॅनियल काह्नेमन या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना विचारलं: तुम्ही घेत असलेला १५ डॉलरचा कॅल्क्युलेटर वीस मिनिटांच्या अंतरावरच्या दुसऱ्या शाखेत ५ डॉलरने स्वस्त आहे, तर जाल का? ६८ टक्के लोक जाऊ म्हणाले. कॅल्क्युलेटर १२५ डॉलरचा धरला आणि वाचणारे डॉलर तेवढेच ५ ठेवले, तर जाणारे राहिले २९ टक्के. वेळ तोच, वाचणारे पैसे तेच. तुमच्या घरातल्या वादाचं मूळ मला इथे दिसतं. केबलवर चाळीस टक्के सूट म्हणून मुलगा रात्री दोन तास घालवतो, त्यात वाचतात फार थोडे पैसे. वॉशिंग मशीनवरचे बारा टक्के ही मात्र खरोखर मोठी रक्कम आहे, तिच्यासाठी दोन दुकानं पालथी घालायला हरकत नाही. टक्के बाजूला ठेवा आणि नुसती रक्कम कागदावर लिहा.

खोडलेल्या भावावर तर माझा अजिबात विश्वास उरलेला नाही. १०० खोडून ६० लिहिलं की ६० स्वस्त वाटतात, मग १०० ला ती वस्तू कधी विकली गेली असो वा नसो. युरोपीय संघाने यासाठी २०२२ पासून नियम लावला आहे की सूट जाहीर करताना आधीच्या निदान ३० दिवसांतला सगळ्यात कमी भाव दाखवायचा. तुमच्याकडे असा नियम नसेल तर तेच काम घरी करा. वस्तू लगेच लागणार नसेल तर महिनाभर आठवड्यातून एकदा भाव लिहून ठेवा. मी पाच वस्तूंचं केलं. दोनांची 'सूट' संपूर्ण महिनाभर होती, म्हणजे तोच त्यांचा नेहमीचा भाव.

'एवढ्याच्या वर डिलिव्हरी फुकट' हाही आवळा देऊन कोहळा काढण्यातलाच प्रकार. ८० ची खरेदी झाली, डिलिव्हरीचे १० वाचवायला आणखी २० चं काहीतरी कार्टमध्ये टाकलं. ते वीसचं कधीतरी लागणारच होतं तर ठीक, नाहीतर दहा वाचवायला वीस गेले. वार्षिक सदस्यत्वाचंही तसंच. फी आधी भरली की प्रत्येक ऑर्डर फुकट पोचल्यासारखी वाटते आणि ऑर्डरी वाढतात. फीला वर्षातल्या ऑर्डरींनी भागलं तर उत्तर छान दिसतं. पण सदस्यत्व नसतं तर यातल्या कुठल्या ऑर्डरी केल्याच नसत्या, त्या खोडून पुन्हा भागा.

पैसे कसे दिले तेही धरा. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांचा २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. एका सामन्याच्या तिकिटांचा लिलाव होता. काहींना सांगितलं रोख द्यायचे, काहींना कार्डाने. कार्डवाल्यांची बोली रोखवाल्यांच्या सुमारे दुप्पट गेली. म्हणजे वडील म्हणतात तो 'न कळता जाणारा पैसा' दुकानातही कार्डाने जातोच. फरक एवढाच, की ऑनलाइन कार्डाचा नंबर आधीच साठवलेला असतो आणि रात्री अकरालाही दुकान उघडं असतं. मी साठवलेले नंबर काढून टाकले. दर वेळी सोळा आकडे टाईप करायला लागल्यावर निम्म्या गोष्टी कार्टमध्येच राहिल्या, आणि त्यातली एकही नंतर आठवली नाही.

वेळेबद्दल लोक फार ढोबळ बोलतात. ऑनलाइन म्हणजे वेळ वाचतो, असं मीही धरून चाललो होतो. वहीत सुरुवातीची आणि शेवटची वेळ लिहायला लागल्यावर दिसलं की नेहमीचीच वस्तू पुन्हा मागवायला दोन मिनिटं लागतात, पण नवीन वस्तू निवडायला, परीक्षणं वाचायला, सहा मॉडेलं ताडून बघायला दीड-दोन तास सहज जातात. दुकानाची खेप चाळीस मिनिटांची होती, आणि येताजाता आणखी दोन कामं व्हायची. वाहन काढून मुद्दाम एका वस्तूसाठी जावं लागत असेल तर मात्र इंधन, पार्किंग, सगळं त्या वस्तूवर चढवा. तिथे ऑनलाइन सरळ जिंकतं. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, ज्यांना चालवत नाही, ज्यांच्या मापाच्या किंवा गरजेच्या वस्तू जवळपास मिळतच नाहीत, त्यांच्यासाठी तर हा वादच नाही. माझ्या आईच्या शेवटच्या वर्षात मी सगळं दारात मागवलं आणि त्याचा एक पैसाही मला महाग वाटला नाही.

एका गोष्टीबद्दल माझं मत कडक आहे. दुकानात जाऊन अर्धा तास माहिती घ्यायची, वस्तू हाताळायची आणि बाहेर येऊन फोनवरून मागवायची, हे करू नका. तो अर्धा तास, ती मांडलेली वस्तू, तो शिकलेला माणूस, यांचा खर्च दुकानाच्या भावात असतो. आपण तो वापरतो आणि पैसे दुसऱ्याला देतो. दुकानाला भाव द्यायचा नसेल तर त्याचा वेळही घेऊ नये. मात्र 'गावातला पैसा गावात राहतो' एवढ्याच कारणासाठी डोळे मिटून जास्त पैसे द्या, असंही मी म्हणणार नाही. न्यू इकॉनॉमिक्स फाउंडेशन या ब्रिटिश संस्थेने पैसा एका भागात किती वेळा फिरतो ते तीन फेऱ्यांपर्यंत मोजण्याची पद्धत काढली आहे. शंभरातले पन्नास पुन्हा तिथेच खर्च झाले आणि त्या पन्नासातले पंचवीस, तर एकूण १७५ चा व्यवहार झाला. पण बाहेरून आलेलं मशीन विकणाऱ्या दुकानाकडे भावातला थोडाच हिस्सा उरतो, बाकी लगेच कंपनीकडे जातो. दुरुस्ती करणारा, शिंपी, सुतार यांच्याकडे दिलेला पैसा खरा फिरतो. तिथे मी कधीच भाव पाडत नाही.

तर तुमचं मशीन. आधी दोन्हीकडचा मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळतो का बघा, कारण दिसायला सारखी मॉडेलं वेगवेगळ्या विक्रीसाठी थोड्या फरकाने काढलेली असतात. मग दोन्ही भावांत पोचवणं, जिना चढवणं, बसवून देणं, पाइप आणि स्टँड, जुनं मशीन घेऊन जाणं हे सगळं मिळवा. नंतर दुकानदाराला ऑनलाइन भाव सरळ दाखवा आणि हे सगळं धरून किती कमी कराल विचारा. फरक निम्म्यावर आला आणि पक्कं बिल मिळत असेल, तर मी दुकानातून घेईन. नाही आला आणि दुरुस्तीला दोन्हीकडे कंपनीचाच माणूस येणार असेल, तर खुशाल ऑनलाइन घ्या. खोकं उघडताना सुरुवातीपासून व्हिडिओ काढा, पाणी सोडून एक धुणं पूर्ण होईपर्यंत बसवणाऱ्याला जाऊ देऊ नका, आणि परत करण्याची मुदत संपेपर्यंत थर्माकोलसकट खोकं ठेवून द्या.